दुय्यम कॅमेऱ्याची नेमणूक

बैलगाड्यांच्या घाटात एक बारी बारा-तेरा सेकंदांत आटोपते, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीला तीन चेनी आहेत. माझ्या गेल्या दीड वर्षाच्या यातनांचे मूळ एवढ्यातच आले. तथापि चौतीस वर्षे महसूल खात्यात कारकुनी केल्यामुळे पंचनाम्यावाचून कोणतीही हकीकत पुरी झाली असे मला वाटत नाही, म्हणून ती यथाक्रम नमूद करतो.

स्थळ, आंबेगाव तालुक्यातील एका गावची यात्रा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाच्या परवानगीने पुन्हा सुरू झालेल्या शर्यतींना आमच्या भागात जो बहर आला आहे, त्याच्या भरात मीही माझा मोठा कॅमेरा खांद्याला अडकवून घाटाच्या कडेला, भर उन्हात, एका दगडावर, जणू शासनानेच मला निरीक्षणार्थ धाडले आहे अशा मुद्रेने बसलो होतो. निवेदकाने ‘भिर्रर्र’ म्हणून कंठ मोकळा केला, खाली गाडा सुटला, आणि बैलांच्या पुढे नाकासमोर धावत जाण्याची जिची पिढीजात वहिवाट, ती घोडी मध्येच ती वहिवाट मोडून उजवीकडे वळली, माणसांची रांग दुभंगून स्वारासकट भेळेच्या गाड्यापाशी येऊन थांबली आणि तिने कुरमुऱ्यांच्या पोत्यात अत्यंत शांतपणे तोंड घातले. स्वार वरून लगाम ओढीत होता; भेळवाला एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात सुरी घेऊन, या गिऱ्हाइकाचा नंबर कितवा याचा विचार करीत असल्यासारखा स्तब्ध उभा होता; आणि घोडीने मान वर केली तेव्हा तिच्या ओठाला शेव चिकटली होती. असे दृश्य मनुष्याच्या आयुष्यात एकदाच येते. मी पहिली चेन उघडली.

दुसरी चेन आतल्या कप्प्याची. तिसरी कशाची आहे हे मला अद्याप उमगलेले नाही, परंतु ती उघडल्यावाचून कॅमेरा बाहेर येत नाही. पुढे भिंगावरचे झाकण काढून, कळ सरकवून, डोळा लावून मी जेव्हा छायाचित्र घेतले तेव्हा त्यात धुरळा, आणि त्या धुरळ्यात पाठमोरा उभा असलेला एक स्वयंसेवक, ज्याच्या टी-शर्टवर ‘व्यवस्था’ असे ठळक छापलेले होते, एवढेच आले.

परतीच्या वाटेवर आमचे शेजारी तात्या म्हणाले, “मोबाईल होता की तुमच्या खिशात.”

हे वाक्य या प्रकरणात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, की त्याचे उत्तर मी आता छापूनच ठेवणार आहे. मोबाईलविषयी माझ्या मनात आकस नाही. परंतु मोबाईलकडे कॅमेऱ्याचा कार्यभार अतिरिक्त आहे, आणि अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा इसम त्या कामाकडे किती लक्ष देतो हे ज्याने कचेरी पाहिली आहे त्याला सांगायला नको. एकदा शिवनेरीच्या पायथ्याशी, सूर्य मावळतीला आणि कडा नुकता तांबूस होऊ लागलेला असताना मी मोबाईल डोळ्यांपुढे धरला, बोट टेकवणार तोच गड पडद्यावरून नाहीसा झाला, त्या जागी एक अनोळखी क्रमांक थरथरू लागला, आणि एक मधुर स्वर मला विचारू लागला की आपल्याला वैयक्तिक कर्ज हवे आहे काय. मला कर्ज नको होते. मला कडा हवा होता.

मोठा कॅमेरा हा मामलेदार. तो दौऱ्यावर निघायचा तर लवाजमा हवा, आगाऊ वर्दी हवी, आणि त्याला खांद्यावरून वाहणारा एक शिपाई हवा; माझ्या घरी ही तिन्ही कामे मीच पाहतो. भिंगासह पावणेदोन किलोंचा हा साहेब गळ्यात बांधून शिवनेरीचे सात दरवाजे चढताना परवानगी दरवाजापाशी मी दर वेळी थांबतो, आणि पुढे जाण्याची परवानगी माझ्या गुडघ्यांकडे मागतो. तेव्हा मला हवा होता तो एक दुय्यम: सदैव हजर, खिशात राहणारा, भत्ता न मागणारा, आणि साहेब रजेवर असता काम अडू न देणारा.

सौभाग्यवतीची मंजुरी मिळवण्याकरिता मी इतिहासाचा आश्रय घेतला. जेवणानंतर सुपारी कातरता कातरता मी तिला सांगितले, की १९१२ साली कोडॅक कंपनीने जाकिटाच्या खिशात मावेल असा घडीचा कॅमेरा काढला, पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तो खंदकांतून वागवला, आणि १९२४ साली मॅलरी नावाचा गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखराकडे निघाला तेव्हा त्याच्यापाशी असलाच कॅमेरा होता असे मानतात. तो शिखरावर पोचला की नाही हा शंभर वर्षांचा वाद त्या एका कॅमेऱ्यातल्या रोलवर अडून बसलेला आहे.

“मग काय निघालं रोलमध्ये?”

“कॅमेरा सापडलाच नाही. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “म्हणजे खिशात कॅमेरा घेऊन गेलेला माणूस परत आला नाही,” ती म्हणाली, “आणि त्यावरून तुम्हालाही तो घ्यायचाय.”

मंजुरी मिळाली नाही. परंतु स्पष्ट नकारही नव्हता, आणि स्पष्ट नकार नसलेले प्रकरण पुरेसे दिवस पडून राहिले की त्याला मंजुरीचा रंग चढू लागतो, हे मी अनुभवाने जाणतो.

प्रथम खिशाची मोजणी केली. वरच्या खिशात चष्म्याचे घर, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, एक पेन, आणि ते न चालल्यास असावे म्हणून दुसरे पेन. डाव्या खिशात रुमाल, किल्ल्यांचा जुडगा आणि मोबाईल. उजव्या खिशात अडकित्ता, सुपारीची डबी आणि विजेच्या बिलाची एक पावती, जी कशाकरिता जपून ठेवली आहे हे आता आठवत नसल्यामुळेच टाकवत नाही. एकूण क्षेत्रात पडीक म्हणावी अशी तसूभर जागा नव्हती. तेव्हा मी शिंप्याकडे गेलो.

“खिसा वाढवून हवा.”

“केवढा, भाऊसाहेब?”

“एक कॅमेरा बसेल एवढा.”

“मग कॅमेरा आणा, माप घेतो.”

पुण्यातल्या एका दुकानात गेलो, तो दुकानदार म्हणाला, “खिशात मावणारा म्हणता, पण साहेब, खिसा केवढा? ते कळल्याशिवाय मी काय दाखवू?” दाखल्याशिवाय अर्ज नाही आणि अर्जाशिवाय दाखला नाही, ही अवस्था मी टेबलाच्या पलीकडे बसून चौतीस वर्षे निर्विकारपणे न्याहाळली होती, टेबलाच्या अलीकडून ती इतकी निराळी दिसत असेल याची मला कल्पना नव्हती.

यातून पुतण्याने वाट काढली. त्याने आपला सोनीचा आरएक्स-१०० आठ दिवसांकरिता माझ्या हवाली केला. २०१२ साली निघालेला हा लहानसा काळा डबा खरोखरच वरच्या खिशात, चष्म्याचे घर हद्दपार केल्यास, बसतो. याची मोठी ख्याती अशी, की एवढ्याशा देहात एक इंची सेन्सर आहे. ‘एक इंच’ हा शब्द ऐकताच माझ्यातला महसुली जीव जागा झाला. मी माहितीपुस्तिका मागवली, भिंगाखाली धरली, आणि त्यात सेन्सरची लांबी-रुंदी १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर अशी दिलेली आढळली. तिरपा कर्ण काढला तरी सोळा मिलिमीटर पुरते भरत नाहीत. इंच म्हणजे पंचवीसच्या वर. मी पुतण्याला तातडीने फोन लावला.

“अरे, यात एक इंच कुठे आहे?”

“काका, तसं म्हणतात फक्त. पूर्वी दूरदर्शनच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असायची. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असला, की आत चित्र पडायची जागा साधारण एवढी मिळायची. नळ्या गेल्या, मापाचं नाव राहिलं.”

“म्हणजे बाकीचा पोटखराबा.”

“काय?”

त्याला पोटखराबा ठाऊक नव्हता. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीला नालायक तेवढे क्षेत्र निराळे दाखवण्याची जी प्रामाणिक चाल आपल्याकडे आहे, ती जपानात असती, तर या एका इंचातला निम्म्याहून अधिक भाग ओढा, खडक आणि पायवाट म्हणून नोंदवावा लागला असता. ही फसवणूक मी रागारागाने सौभाग्यवतीला ऐकवली तेव्हा ती परातीत बेसनाची पोळी थापून तिच्यावर तीळ-खोबऱ्या-लसणाचे सारण पसरीत होती. “मासवडीत मासा कुठं असतो?” ती म्हणाली, आणि गुंडाळी वळू लागली. माझा राग तेथेच ओसरला. जुन्नर-आंबेगावात जन्मलेल्या माणसाने तरी असल्या नावांची तक्रार करू नये.

सेन्सर क्षमा केला, परंतु लेण्याद्रीच्या माकडांचा मी हिशेब धरला नव्हता. गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या आसपास पायऱ्या चढत असता, अर्ध्या वाटेवर मी धाप लागल्याचे लपवण्याकरिता खालच्या कुकडीच्या खोऱ्याकडे रसिकतेने पाहत उभा होतो, तेवढ्यात एक केसाळ हात माझ्या वरच्या खिशात आला आणि तितक्याच सहजपणे परत गेला. खिशात मावणारी वस्तू माकडाच्या हातातही मावते, ही गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत नमूद नाही. कठड्यावर बसून त्याने तो पुडा उलटसुलट केला, कोपरा चावला, हे बिस्किट नसल्याची खात्री होताच माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की असले निकृष्ट खाद्य खिशात बाळगणाऱ्याची मला शरम वाटावी, आणि तो पायरीवर टाकून दिला. मागून येणाऱ्या एका आजींनी तो उचलून माझ्या हातावर ठेवला. “गणपतीचं नाव घ्या,” त्या म्हणाल्या, “अन् खिशाला गुंडी लावा.”

पुतण्याने कॅमेरा परत घेताना कोपऱ्यावरचे दोन खळगे अंगठ्याने चाचपले. “काका, हे काय?”

“वापराच्या खुणा,” मी म्हणालो.

मध्यंतरी मी तोच कॅमेरा घेऊन नाणेघाटातही जाऊन आलो होतो. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणाऱ्या मालावर येथे जकात घेत, आणि ती साठवण्याचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण अजून तोंडाशीच उभा आहे. मला त्या राज्यकर्त्यांचा हेवा वाटला, कारण खिशाचा प्रश्न त्यांनी रांजण कोरून कायमचा निकालात काढला होता. मी गेलो तो श्रावणातला दिवस होता. चाळीस छायाचित्रे घेतली. चाळीसही पांढरी आली. एकात जरा कमी पांढरे आहे, ते बहुधा सौभाग्यवतीचे मामा.

आता आमच्या डॉक्टरांनी या प्रकरणात हात घातला. डॉक्टरांपाशी जुन्या कॅमेऱ्यांचे एक कपाट आहे, आणि रोग्याला जीभ दाखवायला सांगून ते स्वतः त्या कपाटाकडे पाहत असतात असा गावात प्रवाद आहे. त्यांनी मला रोलाय-३५ दाखवला. १९६६ साली जर्मनीत निघालेला हा कॅमेरा पुऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मचा असून मुठीत झाकतो, हे खरे. परंतु त्याच्या फ्लॅशची बैठक डोक्यावर नसून तळाशी, रोल पुढे सारण्याची दांडी उजवीकडे नसून डावीकडे, आणि भिंगाची नळी ओढून, फिरवून, बसवून मगच कामाला लावायची. ती पुन्हा आत ढकलायची तर आधी पुढचे चित्र घेण्याची तयारी केलेली असली पाहिजे, नाहीतर ढकलू नये. घरजावयाचे इतके सोपस्कार मी कोठे पाहिले नाहीत. मग त्यांनी मिनॉक्स काढला. वॉल्टर झाप नावाच्या माणसाने रीगा शहरी योजलेला, बोटभर लांबीचा, आणि ज्यावरील चित्र अवघे ८ गुणिले ११ मिलिमीटर पडते असा तो कॅमेरा पुढे हेरांचा लाडका झाला. मी तो आदराने पाहिला आणि आदराने परत केला. ज्या मंचरात माझ्या घरी गॅसचा सिलिंडर संपल्याची वार्ता सिलिंडर संपण्यापूर्वी पेठेत पोचते, तेथे हेराने गुप्त चित्र घेऊन करायचे काय?

तरी डॉक्टरांच्या एका युक्तिवादाने मी घायाळ झालो. नारायणगावाजवळ खोडदला आणि त्याच्या आसपास मिळून तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि आकाशातून येणारी इतकी क्षीण कुजबूज त्या ऐकत असतात, की शेजारी एखादा मोबाईल नुसता जागा असला तरी तो त्यांच्या कानात ताशा वाजवल्यासारखा होतो. म्हणून तेथे मोबाईल बंद. “विजेवर चालणारं कुठलंही यंत्र थोडंफार कुरकुरतंच,” डॉक्टर म्हणाले. “ज्याच्यात सेल नाही, पट्टी नाही, पडदा नाही, असा कॅमेरा घ्या. विश्वसुद्धा तुमच्याबद्दल तक्रार करणार नाही.” खोडदला मी आयुष्यात दोनदा गेलो आहे, आणि पुन्हा जाण्याचा काही योग दिसत नव्हता, तथापि विश्वाने माझ्याबद्दल तक्रार करू नये ही कल्पना मला इतकी भावली, की पुढच्याच रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात जाऊन थडकलो.

तेथे, एका गोणपाटावर, पितळी कुलूप आणि बिनहाताची बाहुली यांच्यामध्ये तो बसला होता. ऑलिम्पस कंपनीचा पेन ईई. भिंगाभोवती मधमाशीच्या पोळ्यासारखी काचेची जाळी होती. ती सेलेनियमची, तिच्यावर उजेड पडला की तेवढ्यावरच आतला काटा हलतो, सेल लागत नाही. योशिहिसा मायतानी या तरुण अभियंत्याने १९५९ साली या घराण्यातला पहिला कॅमेरा केला, आणि पेनासारखा तो माणसाने नेहमी जवळ बाळगावा म्हणून त्याचे नावच पेन ठेवले. हे मला डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, आणि या एका शब्दापुढे माझे सगळे निकष गळून पडले. उभा जन्म पेनाच्या साहचर्यात काढलेल्या खिशाला याहून योग्य दुय्यम कोणता मिळणार? मी किंमत विचारली. विक्रेत्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ती दुपटीने वाढवली. मी घासाघीस केली. ती दीडपटीवर आली, आणि आपण व्यवहारचतुर आहोत या समाधानात मी घरी परतलो.

शिंप्याने माप घेतले. कॅमेऱ्याच्या वजनाने सदरा डाव्या खांद्यावरून ओघळू लागला, तो समतोल राहावा म्हणून मी उजव्या खिशात अडकित्त्याच्या जोडीला खलबत्त्यातला लहान बत्ता ठेवू लागलो, आणि पहिल्या आठवड्यात सहा जणांनी मला खांदा निखळला काय म्हणून विचारले.

या पेनाचे दोन स्वभाव आहेत. पहिला असा, की तो फिल्मच्या प्रत्येक घरात अर्ध्या जागेचेच चित्र घेतो. म्हणजे ३६ चित्रांच्या रोलवर ७२ येतात. दुकानदारांच्या दृष्टीने ही काटकसर असेल. परंतु मी सेवानिवृत्त मनुष्य. माझ्या आयुष्यात छायाचित्र घेण्याजोगे असे काही पंधरवड्यातून दोनदा घडले तरी पुष्कळ, आणि फिल्मचे आजचे भाव पाहता नुसती हौस म्हणून कळ दाबण्याचे धैर्य मला होत नसे. गणपतीत भरलेला रोल दिवाळीला एकोणिसावर होता. संक्रांतीला तो छत्तिसावर आला, तेव्हा मी तात्यांना तिळगूळ देऊन दोनदा परत घेतला आणि दोन चित्रे वाढवली.

दुसरा स्वभाव हा, की उजेड अपुरा असेल तर तो कळ दाबू देत नाही. खालून, डोळा लावायच्या खिडकीत, एक लाल जीभ वर येते आणि यंत्र जागच्या जागी अडते. पहिल्या दिवशी ती मला अकरा वेळा दाखवण्यात आली. भिंगावरचे झाकण मी काढले नव्हते. नियमात न बसणारा कागद पुढे जाऊच न देणारे आणि वर जीभही दाखवणारे असे हे यंत्र पाहून मला आमच्या कचेरीतल्या एका थोर अव्वल कारकुनाची आठवण झाली, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो पुढील प्रसंगापर्यंत टिकला.

फाल्गुनातली गोष्ट. आळीतला एक मुलगा पिकअप घेऊन नारायणगावच्या मार्केटात निघाला होता, सौभाग्यवतीने माझ्या बहिणीकरिता मासवडीचा डबा फडक्यात बांधला आणि दारात उभी राहून म्हणाली, “वन्संना सांगा, रस्सा वेगळा दिलाय, सांडू देऊ नका.” दुपारचे ऊन दारावरच्या तोरणातून तिच्यावर पडले होते. सव्वीस चित्रे शिल्लक, फाल्गुन संपत आलेला; मी तिचे एक चित्र घेतले. “माझं कशाला?” ती म्हणाली, परंतु पदर नीट केला.

परत येताना दिवस मावळला होता. कालव्याच्या कडेने, दोन्ही बाजूंना ऊस, अशा कच्च्या रस्त्याने गाडी येत असता मुलाने एकदम ब्रेक दाबला, मागचे रिकामे क्रेट खडखडले, आणि पुढे वीस-पंचवीस हातांवर, बांधावर, बिबट्या बसलेला दिसला. बिबट्या ही आमच्याकडे थट्टेची बाब नाही; उसातला बिबट्या म्हणजे गोठ्याला कडी, अंगणात दिवा आणि पोरे घरात, आणि ज्या घरांनी माणूस गमावला आहे त्यांच्यापुढे कोणी विनोद करू धजत नाही. मुलाने काच वर केली आणि लागलीच वस्तीवर फोन लावला. “दादा, पोरांना आत घ्या, इथं बांधावर हाय त्यो,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मोबाईल असा आपल्या मूळ कार्यभारावर रुजू झालेला असता, फोनवर हात ठेवून तो मला हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, काढा की फोटू!”

दीड वर्षाची तयारी ज्या क्षणाकरिता, तो क्षण बांधावर बसून कान खाजवीत होता. एकही चेन नव्हती. मी पेन काढला, झाकण काढले, काचेतून डोळा लावला, कळ दाबली.

लाल जीभ वर आली.

मी पुन्हा दाबली. पुन्हा जीभ. बिबट्याने जांभई दिली. म्हणजे त्या सायंकाळी मला दोघांनी जीभ दाखवली. तेवढ्यात स्मरले, की भिंगाभोवतीचे कडे ‘ए’ या अक्षरावरून आकड्यावर फिरवले की जिभेचा अधिकार संपतो आणि यंत्र मुकाट चालते. वरिष्ठांच्या तोंडी आदेशाने नियम शिथिल करावा तसे. ते कडे मी फिरवले, उलट्या बाजूला फिरवले, पुन्हा सुलट्या बाजूला फिरवले, आणि जी एक बारीकशी ‘टिक्’ झाली ती झाली तेव्हा बांधावर काय होते हे शपथेवर सांगण्याची माझी तयारी नाही.

उरलेले चोवीस कुठे आणि कसे संपवले याची हकीकत सांगत नाही. आमच्या म्हशीची आता सर्व बाजूंनी नोंद झाली आहे. रोल पुण्याला धाडला, धुऊन आला. प्रयोगशाळेने एका कागदावर दोन-दोन चित्रे जोडीने छापली होती, कारण फिल्मच्या एका घरात ती तशीच शेजारी-शेजारी नांदतात. भाच्याच्या साखरपुड्याशेजारी बेल्ह्याच्या बाजारातला खोंड आला होता, आणि दोघांच्याही कपाळी गुलाल होता. शिवनेरीच्या कड्याशेजारी तिळगुळाला आ केलेले तात्या. आणि एका कागदावर डावीकडे आमच्या दारात, तोरणाखाली, उन्हाचे कवडसे अंगावर घेऊन, फडक्यातला डबा धरून उभी असलेली सौभाग्यवती, रेघ न् रेघ स्वच्छ. आणि उजवीकडे काळोख. निखळ, शुद्ध, शाईसारखा काळोख.

तो कागद मी फाडून टाकणार होतो. परंतु पिकअपवाल्या मुलाने आळीभर सांगून ठेवले होते, आणि संध्याकाळी मंडळी जमली. तात्यांनी चष्मा सावरून उजवी बाजू उजेडात धरली. “ही शेपटी,” ते म्हणाले. कोणीतरी म्हणाले, ती शेपटी नव्हे, उसाचा पाला. शेपटी खाली आहे. मुलाला दोन डोळे दिसले. एका पाहुण्यांनी, जे वन्यप्राण्यांविषयी वाचतात, अंगलट पाहून ही मादी असल्याचे सांगितले, आणि एकदा मादी ठरल्यावर पाठीमागे बछडे सापडायला वेळ लागला नाही. एक सर्वमान्य, दुसऱ्याविषयी मतभेद. डॉक्टर आले, त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन दूर नेला आणि जुन्या भिंगांत सावल्यांचा जो मऊपणा असतो तो आताच्या कॅमेऱ्यांत नाही असे सांगितले. एकाने मोठी प्रत मागितली. हा काळोख माझ्याच बोटांच्या गोंधळाचे फळ आहे हे मला पक्के ठाऊक होते. तरी चहाच्या दुसऱ्या फेरीला, “हा कान,” असे म्हणून मी स्वतः एका जागी बोट ठेवले, आणि मला तो खरोखरच दिसला.

सौभाग्यवती कप गोळा करायला बाहेर आली. माझ्या खांद्यावरून तिने कागद पाहिला.

“या डाव्या बाजूला डबा घेऊन कोण उभी आहे,” ती म्हणाली, “ते दिसलं का कुणाला?”

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि कागद जवळ ओढला. “कुठं?” ते म्हणाले.